गडांच्या वाटेवरचा धंदा आणि पाटीवरचे नाव

पुण्याच्या चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी धरण आणि पुढे ताम्हिणी घाट असा जो रस्ता कोकणात उतरतो, तो आता केवळ पावसाळी सहलीचा रस्ता राहिलेला नाही. माणगावमार्गे रायगडाकडे जाणाऱ्यांची ही नेहमीची वाट झाली आहे. शनिवार-रविवारी येथे मोटारी आणि मोटारसायकलींची रांग लागते. अनेकांच्या गाडीवर भगवा झेंडा असतो, काचेवर एखाद्या ऐतिहासिक चित्रपटातील नायकाचे चित्र असते. ही मंडळी पडद्यावर पाहिलेली लढाई प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्यासाठी निघालेली असतात.

गेल्या पावसाळ्यात याच रस्त्यावर आमच्या गाडीचे चाक बसले. पंक्चरच्या दुकानात आमच्या आधी एक गाडी उभी होती. चार तरुण रायगडला निघाले होते. दुकानातला पोरगा आपल्यापैकी होता. त्याने खिळा काढला, पट्टी भरली, बाकीच्या तीन चाकांची हवा न सांगता तपासली आणि ठरलेले पैसे सांगितले. तरुणाने मोबाईलवरून पैसे पाठवले. पैसे पाठवताना दुकानदाराचे नाव पडद्यावर आले. त्याने ते वाचले, एकदा पोराकडे पाहिले, काही न बोलता मान हलवली आणि गाडी निघून गेली. एवढेच घडले. नंतर आमचे चाक हातात घेताना तो पोरगा म्हणाला, "चाचा, नवी पाटी करायची आहे. अब्बा म्हणतात नाव टाक, मित्र म्हणतात टाकू नको. काय करू?" दुकानावर त्या वेळी पत्र्याचा एक तुकडा होता आणि त्यावर फक्त 'पंक्चर' एवढाच शब्द रंगवलेला होता.

त्याला आम्ही तेव्हा धड उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. प्रश्न एका पोराचा नाही. गडांच्या वाटेवर धंदा करणाऱ्या आपल्या शेकडो बांधवांचा तो आहे.

गर्दी कुठून आली?

लढायांवरचे चित्रपट महाराष्ट्राला नवे नाहीत. बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सिंहगड' हा मूकपट १९२३ मध्ये केला. पुढे भालजी पेंढारकरांनी अशा चित्रपटांची परंपराच उभी केली. पण त्या काळी प्रेक्षक तंबूतून किंवा थिएटरातून घरी जात असे. गडावर जाण्याएवढी सवड, पैसा आणि वाहन त्याच्याकडे नव्हते. आता तिन्ही आहेत. तानाजी मालुसरे यांच्यावरचा 'तान्हाजी' जानेवारी २०२० मध्ये आला. २०२२ मध्ये 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज', २०२३ मध्ये 'सुभेदार' आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरचा 'छावा' आला. सिंहगड, प्रतापगड, पन्हाळा, विशाळगड, संगमेश्वर, तुळापूर, रायगड ही नावे शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडून सहलीच्या यादीत गेली.

यातील गंमत अशी की, 'तान्हाजी'मधला बराचसा गड स्टुडिओत आणि संगणकावर तयार झालेला आहे. खरा सिंहगड त्याच्यापेक्षा साधा आहे. तरीही माणूस खऱ्या गडावरच जातो, कारण त्याला दगडाला हात लावून पाहायचा असतो.

त्यात ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतील जिंजी. मुळशी तालुक्यातला एकही किल्ला त्या यादीत नाही. पण यादीतला रायगड या तालुक्याच्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि लोहगड शेजारच्या मावळ तालुक्यात आहे. म्हणजे मुळशी हे मुक्कामाचे ठिकाण नसले तरी वाटेवरचे ठिकाण नक्कीच आहे, आणि वाटेवरच्या माणसाचा धंदा कधी कधी मुक्कामाच्या माणसापेक्षा चांगला चालतो. पेट्रोल, पंक्चर, चहा, बिस्किटे, पाव, फळे, रेनकोट, मोबाईलची केबल आणि पोटभर जेवण या सगळ्याची गरज गडाच्या पायथ्यापेक्षा वाटेवर अधिक लागते.

मुळशीच्या स्वतःच्या लढाया

मुळशीला स्वतःच्या युद्धभूमी नाहीत असे मात्र कोणी समजू नये. तालुक्याच्या पश्चिम कडेला, पेठ शहापूर गावाच्या डोक्यावर कोरीगड आहे. थोड्या अंतरावर घनगड आहे. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने हे किल्ले घेतले. कोरीगडावर तोफगोळा दारूच्या कोठारावर पडला, मोठा स्फोट झाला आणि गड पडला. पेशवाईचा शेवट ज्या लढायांनी झाला, त्यांतली ही एक. तिच्यावर गाजलेला चित्रपट नाही, म्हणून तेथे रायगडासारखी गर्दी नाही.

आणखी एक लढाई याच खोऱ्यात झाली आणि तिच्यात एका बाजूच्या हातात शस्त्र नव्हते. टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी रामनवमीच्या दिवशी मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट या सत्याग्रहामुळे ओळखले जाऊ लागले. सत्याग्रह मोडला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि त्या पाण्याची वीज आजही खाली भिऱ्यात तयार होते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला. त्यात जमीन विकून पैसा उडवणाऱ्या आणि पुढे हाती काहीच न उरलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. धंदेवाईकांनी या चित्रपटातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ज्या जागेवर पाय रोवून माणूस कमावतो, ती जागा एकदा हातची गेली की पैसा फार दिवस टिकत नाही. शेतकऱ्याच्या जमिनीला जे लागू आहे, तेच रस्त्याकडेच्या दुकानाच्या गाळ्यालाही लागू आहे.

पडद्यावर नसलेली माणसे

चित्रपटाला अडीच-तीन तासांत गोष्ट संपवायची असते. म्हणून त्यात दोन बाजू असतात, दोन रंग असतात आणि प्रेक्षकाला कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या ते पहिल्या दहा मिनिटांत कळते. इतिहास इतका सोयीचा नसतो. १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजींशी लढणारा किल्लेदार उदयभान हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत होता. १६६५ मध्ये पुरंदरचा तह करायला लावणारा मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तोच वेढा मोडण्यासाठी बाहेरून नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेला सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह किती जणांना ठाऊक आहेत? शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सुरुवातीचे सरनौबत नूर बेग होते, आरमारात दौलतखान होते आणि पत्रव्यवहार सांभाळायला काझी हैदर होते. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याची आणि गारद्यांची बाजू इब्राहिमखान गारदी यांनी अखेरपर्यंत लढवली. अब्दालीच्या लोकांनी त्यांना पकडून ठार मारले. २०१९ च्या 'पानिपत' चित्रपटात ते दिसतात, ही समाधानाची गोष्ट.

ही नावे आम्ही छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. राजाच्या चाकरीत कोण होते यावर आजच्या नागरिकाचा हक्क ठरत नाही. तो राज्यघटनेने ठरवून दिला आहे. पण गडाच्या वाटेवर दुकान मांडणाऱ्याला या गोष्टी माहीत असाव्यात. गिऱ्हाईक चहा पिताना सिनेमावर बोलते, तेव्हा त्याच्याशी चार शब्द शांतपणे आणि खरे बोलता आले पाहिजेत.

त्याहून महत्त्वाची माणसे आणखी वेगळी आहेत. त्यांची नावे कोणत्याच बखरीत नाहीत, पण त्यांच्या धंद्यांची नावे आपल्या आडनावांत शिल्लक आहेत. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई करणारा. नालबंद म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. पिंजारी कापूस पिंजणारा, मोमीन विणकर, अत्तार सुगंधी द्रव्ये विकणारा, मण्यार बांगड्यांचा, बागवान फळांचा, तांबोळी पानाचा. त्या काळी फौज हलली की बाजारही हलत असे. पडद्यावर तलवार चमकते तेव्हा ती पाजळणारा शिकलगार दिसत नाही, घोडा उधळतो तेव्हा नालबंद दिसत नाही. पण त्यांच्यावाचून लढाई एक दिवस चालली नसती. फौजेत जातीधर्माचे सगळेच होते आणि बाजारातही सगळेच होते. आज याच मार्गावर बसलेला पंक्चरवाला हा त्या नालबंदाचाच वारस म्हणायचा. घोड्याऐवजी मोटार आली, एवढाच फरक.

भीती खोटी नाही

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण परिस्थिती तुम्हाला माहीत नाही. ती आम्हाला माहीत आहे.

'पावनखिंड' चित्रपटातली खिंड म्हणजे गजापूरची घोडखिंड. त्याच गजापुरात १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाच्या वादातून जमाव घुसला, मुस्लिम वस्तीतील घरांची, वाहनांची आणि मशिदीची नासधूस झाली. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली आणि 'छावा'मुळे लोकांच्या भावना पुन्हा जाग्या झाल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. आपल्या मुळशीतही मे २०२५ मध्ये मंदिरातील मूर्तीच्या विटंबनेचा आरोप झाल्यानंतर पौड-पिरंगुट भागातील मुस्लिम दुकानदारांवर बहिष्कार टाकण्याची हाक दिली गेली. काही दुकाने बंद राहिली. ही बातमी देशभर पोहोचली.

कोणत्याही पूजास्थानाची विटंबना हे पाप आहे आणि गुन्हाही आहे. ज्याने केली असेल त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण एकाच्या गुन्ह्याची उधारी सगळ्या मोहल्ल्याच्या खात्यावर मांडता येत नाही. त्याचप्रमाणे औरंगजेबाच्या क्रौर्याचा जमाखर्च पिरंगुटच्या पंक्चरवाल्याने का द्यावा? तो त्याचा वारस नाही, मुनीम नाही, भागीदारही नाही. आपल्यातील काही उतावळ्या तरुणांनाही हेच सांगायचे आहे. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये ज्या यातना देऊन मारले, त्याचे समर्थन करण्याची कोणत्याही मुसलमानावर धार्मिक किंवा सामाजिक जबाबदारी नाही. मोबाईलवर एखादे चित्र लावून चार मिनिटांची फुशारकी मारायची आणि त्याची किंमत चाळीस दुकानदारांनी मोजायची, हा सौदा घाट्याचा आहे.

नाव हा दोष नव्हे

आता पाटीकडे येऊ. पाटीवरून नाव काढावे, असे म्हणणाऱ्यांचा विचार सरळ आहे. नाव दिसले नाही तर गिऱ्हाईक बिचकणार नाही, गल्ला चालू राहील. पोटासाठी असे करणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्याच्या दुकानावर दगड पडण्याची धास्ती आहे, त्याला पुण्यात किंवा मुंबईत बसून शौर्याचे धडे देणे सोपे असते. जिवाची भीती असेल तेथे माणसाने आधी जीव सांभाळावा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

पण नेहमीच्या दिवसांसाठी, नेहमीच्या धंद्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे. पाटीवर नाव असावे.

पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. नाव लपत नाही. आज चहाचे दहा रुपयेसुद्धा क्यूआर कोडवरून येतात आणि पैसे पाठवणाऱ्याला बँकेतले नाव दिसतेच. बिलावर, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीवर, अन्न परवान्यावर ते असतेच. पाटीवर एक आणि मोबाईलच्या पडद्यावर दुसरे असे दिसले की गिऱ्हाइकाच्या मनात नसलेला संशय उभा राहतो. ज्याला द्वेषच करायचा आहे, त्याला लपवण्याचे आयते निमित्त मिळते. जो नुसता कुंपणावर आहे, तोही बिथरतो.

दुसरे कारण आपल्या दीनचे आहे. विकायच्या मालात दोष असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. धान्याच्या ढिगाखालचा ओला भाग वर आणून ठेवायला त्यांनी व्यापाऱ्याला सांगितल्याचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोष लपवणे हराम आहे. पण आई-बापांनी ठेवलेले नाव हा काही मालातला दोष नव्हे. ते लपवायला लागलो की आपणच ते दोषाच्या यादीत घालतो. मुलगा दुकानात बसून हे रोज पाहतो आणि उद्या स्वतःच्या नावाची लाज शिकतो. हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, पण तो सर्वांत मोठा आहे.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. नाव लावणे हा आपला निर्णय असला पाहिजे, कोणाची जबरदस्ती नव्हे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खानावळींना मालकांची नावे लावण्याचे आदेश निघाले, तेव्हा २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. शाकाहारी की मांसाहारी, एवढे सांगणे पुरे. नावाची सक्ती करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे, पण पाटी मराठीत असावी एवढेच तो कायदा सांगतो. मालकाचे नाव लावा असे तो म्हणत नाही. म्हणजे कोणी धाक घालून नाव मागत असेल तर त्याला नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि आपण होऊन नाव लावत असू तर ते पुसायला सांगण्याचा हक्क कोणालाही नाही.

एक दूरचे उदाहरण

तुर्कस्तानात गॅलिपोलीचे द्वीपकल्प आहे. १९१५ मध्ये इंग्रज, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजांनी तेथे चढाई केली. दोन्ही बाजूंची माणसे हजारोंनी मेली आणि चढाई फसली. १९८१ मध्ये पीटर वियर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाने त्यावर 'गॅलिपोली' हा चित्रपट केला. आज दरवर्षी २५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे लोक तेथे आपल्या मृत सैनिकांना मानवंदना देण्यासाठी येतात. ज्यांच्यावर चाल करून आले होते, त्या तुर्कांच्याच हॉटेलात उतरतात, त्यांच्याच बसमधून फिरतात, त्यांच्याच दुकानातून खरेदी करतात. जवळच्या चनक्काले शहराने तर २००४ च्या 'ट्रॉय' चित्रपटातला लाकडी दिसणारा भला मोठा घोडा बंदराच्या काठावर उभा केला आहे आणि लोक त्याच्यापुढे फोटो काढतात.

तेथील दुकानदार आपले नाव बदलून बसत नाही आणि पाहुण्याच्या आजोबांचा हिशेबही मागत नाही. लढाई झाली ती जागा, तिचा मान राखायचा, आलेल्याला नीट वाट दाखवायची आणि चोख माल द्यायचा. युद्धभूमीवरचा व्यापार असा चालतो. आपल्याकडे तर चढाई करून आलेला परकाही नाही. गडावर जाणारा आपल्याच तालुक्यातला, शेजारच्या आळीतला मुलगा आहे.

करायचे काय?

नुसते नाव लावून भागणार नाही. नावामागे माल आणि कागद दोन्ही पक्के हवेत. म्हणून काही रोखठोक सूचना.

कागद: गाळ्याचा भाडेकरार तोंडी ठेवू नका, नोंदणी करून घ्या. दुकानाची नोंदणी, खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी आणि उद्यम नोंदणी करून त्यांच्या प्रती दुकानात दर्शनी ठेवा. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. 'बाहेरचा' म्हणून कोणी बोट दाखवले, तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणे बरे.

जागा: केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. कोणी सांगितले म्हणून गडाच्या पायथ्याशी शेड ठोकू नका. अतिक्रमणाचा शिक्का एकदा बसला की खरी तक्रारसुद्धा कोणी ऐकून घेत नाही. त्यापेक्षा वाटेवरची, कायदेशीर, ग्रामपंचायतीला कर भरणारी जागा केव्हाही चांगली.

माल: गडावर जाणाऱ्याला आठवण म्हणून काही घरी न्यायचे असते. आपल्या शिकलगार, लोहार, सुतार आणि शिंपी कारागिरांना येथे चांगले काम आहे. लाकडी ढाली, पितळी दिवे, किल्ल्यांच्या लहान प्रतिकृती, फेटे, कापडी पिशव्या. दिवाळीत पुणे परिसरातील मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा मावळ्यांच्या चित्रांनाही मागणी असते. मात्र एक इशारा. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार तलवार किंवा कट्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. शोभेची म्हणून विकली आणि तिला धार निघाली, तर तुरुंग कारागिराला आहे. आमचे मत विचाराल तर या व्यवसायात तलवारीच्या वाटेला जाऊच नये. ढाल विकावी.

भांडवल: २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत. त्यांत लोहार, सुतार, शिंपी, चांभार, कुलूप दुरुस्त करणारे यांच्याबरोबर शस्त्रे घडवणारे कारागीरही आहेत. योजनेतले कर्ज व्याजी आहे, म्हणून आपले अनेक बांधव ती दारातूनच परत पाठवतात. पण प्रशिक्षण, त्या काळातील रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठीचे १५,००० रुपये हे कर्ज नाही. व्याज नको असेल तर तेवढाच भाग घ्यावा. जवळच्या सेवा केंद्रात चौकशी करून अर्ज करा.

दर आणि वागणूक: दराचा फलक लावा. पावसात अडकलेल्या गाडीवाल्याकडून दुप्पट पैसे घेणे ही चलाखी नव्हे. कुरआनातील ८३ व्या सूरहचे नावच मुळी मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. गड हे लोकांच्या श्रद्धेचे स्थान आहे हे लक्षात ठेवून वाटेवर कचरा, सांडपाणी, मोठ्याने वाजणारी गाणी यांपासून दूर राहा. ताम्हिणीच्या घाटात अपघात होतात. दुकानात प्रथमोपचाराची पेटी, दोर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवा. संकटात मदत करणाऱ्याचे नाव लोक विसरत नाहीत, आणि ते नाव पाटीवर असले तर वाचूनही घेतात.

संघटना: फक्त आपल्या दुकानदारांची वेगळी संघटना काढू नका. चांदणी चौकापासून ताम्हिणीपर्यंतच्या सगळ्या धर्मांच्या दुकानदारांची एक समिती करा. भुजिया विकणारा मारवाडी, वडापाववाला मराठा, भाकरी-पिठले करणाऱ्या मावशी आणि आपला बेकरीवाला यांचे हित एकच आहे. या रस्त्यावर शांतता असली तर सगळ्यांचा गल्ला भरतो आणि रस्ता बंद पडला तर सगळ्यांची चूल थंड होते. बहिष्काराच्या वेळी तुमच्या बाजूने बोलणारा शेजारी आधीपासून जोडलेला असावा लागतो.

आणि शेवटची सूचना, जी कोणत्याही परवान्यात बसत नाही. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून स्वतः मुलाबाळांना घेऊन कोरीगडावर जा, सिंहगडावर जा, जमले तर रायगडावर जा. भूमीवर फिरून होऊन गेलेल्यांचा शेवट पाहा, अशी ताकीद कुरआनात वारंवार आली आहे. कोरीगडाच्या तटावर उभे राहिले की कळते, हा गड ज्यांनी बांधला तेही गेले, ज्यांनी तोफा डागून घेतला तेही गेले. खाली रस्त्यावर मात्र कोणीतरी चहा विकत आहे. या इतिहासात आपणही पाहुणे नाही, हे मुलांना पुस्तकापेक्षा त्या तटावर लवकर समजेल.

त्या पोराला आमचे उत्तर एवढेच आहे. बेटा, अब्बांचे ऐक. पाटी मोठी कर, मराठीत कर, अक्षर सुवाच्य असू दे. वर धंदा लिही, मध्ये दर लिही, खाली तुझे पूर्ण नाव लिही. चाकाला हवा आजपर्यंत जशी इमानाने भरत आलास तशीच भर. रोजी देणारा अल्लाह आहे. गिऱ्हाईक आज नाव वाचून पुढे जाईल, उद्या नाव वाचूनच थांबेल. अल्लाह तुझ्या धंद्यात बरकत देवो. आमीन.